पिस्टनची निवड : एक अभ्यास
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कला शाखेच्या वार्षिकात पिस्टनवर लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला आपण शिकलो की निवड आली म्हणजे त्याग आलाच. एक वस्तू घेतली की दुसरी सोडावी लागते. हे तत्त्व मला पुस्तकात वाचून जेवढे पटले नव्हते, तेवढे एका तुटक्या पिस्टनने पटवले. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा थोरला भाऊ शारजातील एका गॅरेजात मोटारींची इंजिने बांधण्याचे काम करतो. आमच्या कोकणातले पुष्कळ तरुण आखाती देशांत आहेत, त्यांपैकी तो एक. गेल्या गणपतीला तो घरी आला तेव्हा बॅगेतून चॉकलेटे निघाली, आईसाठी अत्तर निघाले आणि फडक्यात गुंडाळलेला एक पिस्टनही निघाला. त्याच्या वरच्या कडेचा बोटभर तुकडा उडालेला होता.

“दादा, हा तर तुटलाय. मग आणलास कशाला?” मी विचारले.

“तुटलाय म्हणूनच आणलाय. चांगला पिस्टन काही बोलत नाही. हा बोलतो.”

तो काय बोलतो हे समजून घेण्यात माझ्या सुट्टीचे आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत दादाने सांगितलेले आणि नंतर मी स्वतः वाचून, गणिते मांडून ताडून पाहिलेले येथे क्रमाने मांडतो.

पिस्टनवर काय गुजरते?

हा पिस्टन टोयोटा कंपनीच्या ‘सुप्रा’ मोटारीच्या इंजिनातला आहे. त्या इंजिनाचे नाव २जेझेड-जीटीई. एका ओळीत सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ८६ मिलिमीटर. गणित केल्यास एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ४९९.५ घन सेंटिमीटर व सहांचे मिळून २,९९७ येते. या इंजिनाचा ठोकळा बिडाचा व भक्कम आहे. त्यामुळे कारखान्यातून निघालेल्या शक्तीच्या दुपटीहून अधिक शक्ती त्यातून काढण्याचा छंद जपान, अमेरिका व आखातातील हौशी मंडळींना लागला. मोटारीचे उत्पादन २००२ साली थांबले, पण छंद थांबलेला नाही.

आता पिस्टनच्या माथ्यावर पडणारा भार पाहू. माथ्याचे क्षेत्रफळ ५८ चौरस सेंटिमीटर. ज्वलनाचा सर्वोच्च दाब १०० बार धरला, तर माथ्यावरचा भार सुमारे ५,९०० किलो होतो. एखादा मोठा हत्ती उभा राहावा एवढा हा भार. आणि तो मिनिटाला हजारो वेळा येतो आणि जातो.

दुसरा भार पिस्टनच्या स्वतःच्या गतीचा. इंजिन मिनिटाला ७,००० फेरे फिरत असेल, तर पिस्टन दर सेकंदाला २३३ वेळा पूर्ण थांबतो व उलटा फिरतो. अगदी वरच्या टोकाला त्याची दिशा बदलताना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३,००० पट ओढ त्यावर येते. पिस्टनचे वजन ४०० ग्रॅम धरले, तर त्या क्षणी तो बाराशे किलोचा असल्यासारखा कनेक्टिंग रॉडला ओढतो. म्हणजे पिस्टन दाबासाठी जाड हवा आणि गतीसाठी हलका हवा. निवडीतला पहिला पेच येथेच आहे.

तिसरी गोष्ट उष्णता. सिलिंडरात जळणाऱ्या वायूचे तपमान २,००० अंशांच्या वर जाते. अ‍ॅल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळते. तरीही पिस्टन वितळत नाही, कारण ज्वाळा क्षणभरच असते, आणि माथ्यात शिरलेली उष्णता रिंगांतून सिलिंडरच्या भिंतीकडे व खालून उडणाऱ्या तेलाकडे सतत निघून जाते. या इंजिनात पिस्टनच्या पोटावर तेलाचा फवारा मारणाऱ्या खास नळ्याच बसवलेल्या आहेत. उष्णता येण्याचा व जाण्याचा ताळेबंद जुळला तोवर ठीक. तो बिघडला की पिस्टन संपला.

टर्बो काय करतो?

इंजिनाची शक्ती त्यात किती हवा भरता येते यावर अवलंबून असते. टर्बोचार्जर हा धुराड्याने बाहेर जाणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणारा पंखा असून तो बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. आज आपल्याकडच्या कित्येक लहान मोटारींतही टर्बो असतो, पण त्यांचा दाब माफक असतो. हौशी मंडळी तो दाब वाढवतात. हवेच्या नेहमीच्या दाबावर आणखी दीड बार चढवला, तर सिलिंडरात जाणारी हवा अडीच पट दाबाची होते.

परंतु दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, तेच तत्त्व. शारजातल्या उन्हाळ्यात हवा ४५ अंशांची असते. पंख्याची कार्यक्षमता ७० टक्के धरून मी गणित मांडले, तेव्हा अडीच पट दाबलेल्या हवेचे तपमान सुमारे १८० अंश आले. ती हवा इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून घ्यावी लागते. ती पुरेशी थंड झाली नाही, किंवा तिच्या प्रमाणात पेट्रोल मिळाले नाही, तर अनर्थ ओढवतो.

त्या अनर्थास गॅरेजात ‘नॉकिंग’ म्हणतात. प्लगची ठिणगी पडली की ज्वाळा मध्यापासून कडेकडे पसरत जावी, अशी अपेक्षा असते. पण कडेचे मिश्रण आधीच फार तापलेले असेल, तर ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच ते आपोआप एकदम भडकते. मग दाब सावकाश न चढता घणाचा घाव बसावा तसा बसतो. साध्या इंजिनात असे घाव थोडा वेळ सोसले जातात. टर्बोच्या इंजिनात तेच घाव अडीच पट भरलेल्या सिलिंडरात पडतात.

तुटका पिस्टन कसा वाचावा?

नवा पिस्टन निवडण्यापूर्वी जुना का गेला, हे समजले पाहिजे. दादाच्या मते निवडीचे अर्धे काम येथेच होते. पिस्टन कोठे व कसा बिघडला, यावरून कारण कळते.

माथ्याच्या मध्यावर वितळून भोक पडले असेल, तर बहुधा ठिणगीआधीच एखाद्या लाल झालेल्या टोकाने मिश्रण पेटवले, असे समजावे. अंगावर दोन बाजूंनी उभे ओरखडे असतील, तर पिस्टन सिलिंडरात घट्ट झाला किंवा तेल कमी पडले. रिंगेची दोन टोके घासून चकचकीत झालेली असतील, तर तापल्यावर टोके एकमेकांस भिडली. फट कमी ठेवली गेली. आणि माथ्याच्या कडेला वाळू मारल्यासारखे बारीक ठिपके असून दोन रिंगांमधली धातूची पट्टी तुटली असेल, तर तो नॉकिंगचा घाव.

माझ्या टेबलावरच्या पिस्टनच्या कडेला हे ठिपके स्पष्ट दिसतात, आणि तुटली आहे ती रिंगांमधली पट्टीच. रिंगेची टोके मात्र चकचकीत नव्हती, असे दादाने सांगितले. म्हणजे हा पिस्टन केवळ कमजोर होता म्हणून गेला नाही. त्याला कोणीतरी मारले.

ओतीव आणि घडीव

बाजारात स्वतंत्र कंपन्यांचे पिस्टन मिळतात, त्यांत धातूची निवड मुख्य. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन ही कल्पना शतकाहून जुनी आहे. डब्ल्यू. ओ. बेंटली या इंग्रज गृहस्थांनी १९१३ साली एका फ्रेंच मोटार कारखान्याच्या कार्यालयात कागदांवर ठेवायचे वजन म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा लहानसा पिस्टन पाहिला, आणि त्यावरून आपल्या मोटारींत तसे पिस्टन बसवले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. माझ्या टेबलावरचा पिस्टनही तूर्त तेच काम करतो आहे!

आज निवडीसाठी मुख्यतः तीन प्रकार समोर येतात.

पहिला ओतीव. मिश्रधातूचा रस साच्यात ओतून तो होतो. त्यात सिलिकॉन घालतात. सिलिकॉन सुमारे साडेबारा टक्क्यांच्या पुढे गेले, की पाकात साखर जास्त झाल्यावर खडे धरावेत तसे जास्तीच्या सिलिकॉनचे कठीण कण वेगळे होतात. असा पिस्टन कमी फुगतो, कमी झिजतो व स्वस्त पडतो. परंतु तो ठिसूळ असतो. घाव बसला की वाकत नाही, तुटतो.

दुसरा घडीव, ४०३२ क्रमांकाच्या मिश्रधातूचा. तापलेला धातूचा गठ्ठा प्रचंड दाबाने साच्यात दाबून तो घडवतात, त्यामुळे आतील पोकळ्या नाहीशा होतात व धातू दाट होतो. यात सुमारे १२ टक्के सिलिकॉन असते. म्हणून तो ओतीवापेक्षा चिवट असूनही फार फुगत नाही आणि रिंगांच्या खाचाही लवकर झिजत नाहीत.

तिसराही घडीवच, पण २६१८ क्रमांकाचा. यात सिलिकॉन जवळजवळ नाही. तांबे दोन टक्क्यांच्या वर, मॅग्नेशियम दीड टक्क्याच्या आसपास, आणि लोखंड व निकेल प्रत्येकी सुमारे एक टक्का. याच घराण्यातला धातू कंकॉर्ड विमानाच्या अंगासाठी वापरला होता, कारण ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडताना विमानाचे नाक सव्वाशे अंशांच्या वर तापत असे आणि त्या तापात वर्षानुवर्षे बळ टिकवणारा धातू हवा होता. पिस्टन म्हणून त्याचा मोठा गुण असा की तो उष्णतेत बळ राखतो आणि घाव बसल्यास तुटण्याआधी दबतो. दोष असे की तो अधिक फुगतो व मऊ असल्याने लवकर झिजतो.

म्हणजे ‘सर्वांत मजबूत पिस्टन द्या’ असे दुकानात म्हणणे पुरेसे नाही. कशासाठी मजबूत आणि किती दिवस मजबूत, हेही सांगितले पाहिजे. रोज कामावर न्यायची, माफक दाबाची मोटार असेल, तर ४०३२ अनेक वर्षे शांतपणे चालेल. दाब खूप चढवायचा असेल, तर २६१८ घ्यावा आणि तो वारंवार तपासावा लागेल, हे मान्य करावे.

फटीचे गणित

पिस्टन व सिलिंडरची भिंत यांमध्ये थंडपणी ठेवायच्या फटीस गॅरेजात ‘क्लिअरन्स’ म्हणतात. ८६ मिलिमीटरचा पिस्टन १५० अंशांनी तापला, असे धरू. ४०३२ धातूचा असेल तर तो सुमारे ०.२५ मिलिमीटर फुगेल. २६१८ चा असेल तर ०.२९. फरक अवघा ०.०४ मिलिमीटरचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. पण तो विसरला तर इंजिन जाम होते.

यास्तव ४०३२ ला साधारण ०.०५ ते ०.०७ आणि २६१८ ला ०.०८ ते ०.११ मिलिमीटर फट ठेवण्याचा प्रघात आहे. मात्र अंतिम आकडा त्या त्या पिस्टनसोबत आलेल्या कागदावरचाच धरायचा. मोठ्या फटीमुळे २६१८ चा पिस्टन थंड इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर आपटून टकटक आवाज करतो. इंजिन तापले की आवाज थांबतो. हा बिघाड नव्हे. गिऱ्हाइकास आधी सांगून ठेवले नाही, तर पहिल्याच सकाळी तो घाबरून धावत येतो.

मोजण्यातही खुबी आहे. पिस्टन दिसतो गोल, पण तो किंचित लंबगोल असतो आणि वर निमुळता होत जातो, कारण माथा अधिक फुगणार हे ठाऊक असते. म्हणून निर्मात्याने सांगितलेल्या उंचीवर, पिनेच्या काटकोनातच माप घ्यायचे. तसेच आधी सिलिंडर कापून मग पिस्टन शोधायचे नाहीत. प्रथम पिस्टन हाती घ्यावेत, एकेक मोजावा, आणि त्या मापाने सिलिंडरचे बोअरिंग व होनिंग करावे. त्या वेळी हेडच्या जागी जाड पोलादी पाट बोल्टांनी आवळून ठेवतात, कारण बोल्ट आवळल्यावर सिलिंडरचा आकार सूक्ष्म बदलतो.

कॉम्प्रेशनचा मोह

पिस्टनच्या माथ्याच्या आकारावरून संपीडन गुणोत्तर, म्हणजेच गॅरेजातले ‘कॉम्प्रेशन’, ठरते. या इंजिनाचे मूळ गुणोत्तर ८.५ आहे. याचा अर्थ, पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ६६.६ घन सेंटिमीटर. गुणोत्तर ९ हवे असेल तर ती ६२.४ करावी लागेल, आणि १० साठी ५५.५. खोलगट माथ्याऐवजी सपाट माथ्याचा पिस्टन घेतला की हे साधते.

गुणोत्तर वाढवल्याने टर्बो फिरू लागण्याआधीही गाडी चपळ वाटते व इंधनाचा उपयोग चांगला होतो, हा लाभ खरा आहे. पण तेच मिश्रण आणखी लहान जागेत कोंबले जाते, अधिक तापते आणि नॉकिंग जवळ येते. तेथे पंपावर मिळणारे उत्तमातले पेट्रोल ९८ ऑक्टेनचे. त्या पेट्रोलवर दाबही दीड बार आणि गुणोत्तरही १०, हे दोन्ही एका वेळी मागणे म्हणजे एकाच पगारावर दोन संसार चालवण्यासारखे आहे.

रिंगा, पिन आणि माथा

आता राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. पहिली रिंग माथ्यापासून थोडी खाली आणि तिच्याखालची पट्टी जाड असलेला पिस्टन घ्यावा. आमचा तुटला तो याच पट्टीत. रिंगेच्या टोकांमधली फट टर्बोसाठी अधिक ठेवतात. सिलिंडरच्या व्यासाच्या हजारांश पाच, असा एक ठोकताळा आहे. त्याप्रमाणे ८६ मिलिमीटरला ०.४३ मिलिमीटर येते. दुसऱ्या रिंगेची फट पहिलीपेक्षा किंचित अधिक असावी, म्हणजे मध्ये अडकलेला वायू पहिल्या रिंगेस उचलत नाही. फट थोडी जास्त झाली तर किंचित शक्ती गळेल. कमी झाली तर टोके भिडून पिस्टन फुटेल. चुकायचेच असेल, तर कोणत्या बाजूस चुकावे हे यावरून उघड आहे.

पिस्टनला रॉडशी जोडणारी गजनपिन जाड भिंतीची घ्यावी. माथ्यावरच्या धारदार कडा हलक्या हाताने मोडाव्यात, कारण टोकदार कड आधी लाल होते. माथ्यावर उष्णता अडवणारा व अंगावर घर्षण कमी करणारा लेप मिळतो. तो उपयोगी आहे, पण चुकीच्या निवडीवर उतारा नव्हे. शेवटी सहाही पिस्टन तराजूत घालून त्यांची वजने जुळवावीत.

दादाची निवड

या मोटारीच्या मालकाने मोठा टर्बो बसवून दाब वाढवला होता. पिस्टन मात्र कारखान्यातले ओतीवच होते. इंजिन खोलल्यावर त्याने हुकूम सोडला : पिस्टन सर्वांत महागडे घाला, गुणोत्तर १० करा, आणि महिनाअखेर गाडी द्या.

दादाने तुटक्या पिस्टनवरचे ठिपके पाहून पेट्रोलच्या पंपाची तपासणी केली. दाब चढला की पंप मागे पडत होता. हवा अडीच पट, पण पेट्रोल त्या मानाने कमी. त्यामुळे ताप, आणि तापापायी नॉकिंग. पंपाचा दोष पिस्टनने भोगला होता. दादाने सांगितले, “पिस्टन २६१८ चे घालू, ते योग्यच आहे. पण गुणोत्तर ८.५ च ठेवू. आणि पंप बदलल्याशिवाय मी हेड चढवणार नाही.” पिस्टनवर एवढा खर्च केल्यावर आणखी पंप कशाला, असे मालकाचे म्हणणे. मजबूत पिस्टन घेतलाच आहे, तर तो सोसेल की!

दोन दिवस काम बंद पडून होते. गाडी दुसऱ्या गॅरेजात गेली असती, तर दादाच्या नावावर ठपका बसला असता. त्या पगारावर आमचे घर आणि माझी फी चालते, हे मला येथे नमूद केले पाहिजे. “मग तू हो म्हणून टाकायचं होतंस,” असे मी त्याला म्हटलेही. त्यावर तो म्हणाला, “हो म्हटलं असतं तर पिस्टन चार महिने टिकला असता. पाचव्या महिन्यात तो फुटल्यावर पंप कोणाला आठवला असता? सगळे म्हणाले असते, बांधणाऱ्यानं इंजिन नीट बांधलं नाही.”

तिसऱ्या दिवशी मालकाने पंपाला होकार दिला. इंजिन ८६.५ मिलिमीटरला बोअर करून बांधले गेले. पहिल्या सकाळी टकटक ऐकून मालकाचा फोन आलाच. पण त्याला आधी सांगून ठेवले होते, त्यामुळे बोलणे दोन मिनिटांत संपले. अजूनपर्यंत इंजिन ठीक आहे, आणि ठरल्याप्रमाणे ते तपासणीसाठी गॅरेजात येत असते.

समारोप

एवढ्या अभ्यासातून मला जे समजले ते असे. मजबूत पिस्टन चूक पचवत नाही. तो चुकीला थोडी मुदत देतो, एवढेच. म्हणून निवडीचा क्रम असा हवा : आधीचा का गेला ते शोधा, इंजिनाकडून किती मागायचे ते प्रामाणिकपणे ठरवा, त्यानुसार धातू घ्या, धातूनुसार फट ठेवा, आणि गुणोत्तराचा मोह पेट्रोल पाहून आवरा. आपल्यापैकी फारच थोड्यांवर टर्बोचे इंजिन बांधण्याची वेळ येईल. परंतु तुटलेली वस्तू हाती आली असता, ती फेकून देऊन अधिक महाग वस्तू आणण्यापूर्वी ती काय सांगते हे ऐकून घेण्याची वेळ मात्र प्रत्येकावर येते. तेवढ्यासाठी तो पिस्टन मी टेबलावरून हलवलेला नाही.